डाव्या चाकाचे उलटे आटे

माझ्या नाकावर राग असायचा, आणि जीप घेतल्यावर तो आणखी चढला. नव्वदीच्या दशकात आलापल्ली ते एटापल्ली माझी प्रवासी जीप चालायची. चालवायचा ड्रायव्हर, मी शेजारी बसून मालकी दाखवायचो. जीप जुनी, लिलावातली, चारही चाकांना जोर असलेली. पावसाळ्यात एसटी ज्या नाल्यावरून परत फिरायची, तो माझी ही म्हातारी जीप हळूहळू पार करायची. याचा मला फार गर्व होता.

तिचं सगळं काम आलापल्लीच्या चौकातल्या एका मिस्त्रींकडे असायचं. मुसलमान घरातले, साठीला टेकलेले, कमी बोलणारे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्या उन्हाळ्यात पुढच्या डाव्या चाकाचे स्टड, म्हणजे ज्यांच्यावर चाकाचे नट आवळतात ते दांडे, झिजले होते. चाचांनी पाचही नवे बसवले आणि नटांवर लाल रंगाचे ठिपके दिले. ठिपके कशाला, ते ड्रायव्हरला समजावून सांगत होते. मी चहा पीत होतो.

दसऱ्याला मी हौसेने चारही चाकांना चंदेरी रंग मारला, नटांसकट. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. लाल ठिपके रंगाखाली गेले, माझ्या लक्षातही आलं नाही.

मग ड्रायव्हर धान कापायला गावी गेला. गाडी काय मला चालवता येत नाही, असं म्हणत मीच स्टेअरिंगवर बसलो. बाजाराच्या दिवशी एटापल्लीहून येताना नेमकं तेच चाक पंक्चर झालं. उतारू खाली उतरले. मी पाना लावला, नट हलेना. पान्यावर उभा राहून उड्या मारल्या, तर स्टड कटकन तुटला. तिथे थांबायला हवं होतं, पण माझं डोकं फिरलं होतं. दुसराही तोडला. उतारूंमधली एक म्हातारी टोपली सांभाळत राहू दे म्हणाली, तर तिच्यावरही खेकसलो. शेवटी बसलेल्या टायरवरच गाडी रेटत चौकात आणली.

चाचांच्या शेडसमोरच्या चहाच्या टपरीवर जीपवाल्यांची बैठक भरली होती. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर लगामही नव्हता. सगळ्यांच्या देखत मी चाचांना म्हणालो, भंगारातले स्टड ठोकलेत, लोकांचे जीव घ्यायचेत का? चाचांनी वाकून तुटलेल्या टोकावरून बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. बनवून देतो, एवढंच म्हणाले.

तसले स्टड दुकानात मिळत नव्हते. ते स्वतः एसटीने चंद्रपूरला गेले, लेथवर करवून घेतले आणि रुमालात बांधून आणले. चाकामागचा हब उतरवून त्यातले तुटलेले दांडे ठोकून काढले. बाकीच्या तिघांचेही आटे मी खराब केले होते, तेही बदलले. काम सकाळीच संपलं होतं, पण मला त्यांनी बोलावलं ते भर दुपारी. टपरीवाला जेवायला गेला होता आणि चौकात कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्यांनी माझ्या हातात पाना देऊन नट खोलायला सांगितलं. मी नेहमीसारखा ओढला, हलला नाही. त्यांनी माझा हात धरून पाना दुसऱ्या बाजूला फिरवला, तर नट सहज सुटला. या जुन्या जीपच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, चाक फिरताना नट सैल पडू नयेत म्हणून. म्हणजे त्या दिवशी पान्यावर उड्या मारून मी नट आवळतच होतो. चाचांनी नटावरचा चंदेरी रंग स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला. खाली लाल ठिपका होता, उलट्या आट्यांची खूण.

मी नुसतं "बरं" म्हणालो आणि किल्ली घेतली.

चौक रिकामा व्हायची वाट पाहून त्यांनी माझी लाज राखली होती. आता त्यांचं नाव राखणं माझ्याकडे होतं, आणि काम दोन वाक्यांचं होतं. संध्याकाळी टपरीवर कुणीतरी गाडीचं विचारलं. झाली दुरुस्त, मी म्हणालो. बाकीचं उद्या सांगू, असं मनाशी ठरवलं. आठवडाभरात दोन जीपवाले चाचांना सोडून एका नव्या गॅरेजकडे गेले. त्यातल्या एकाला मी कारण विचारलं.

"काऊन म्हणजे?" तो म्हणाला. "तुम्हीच तं म्हटलं ना भाऊ, चाचा भंगार लावते म्हणून."

तेव्हा तरी तोंड उघडायचं. मी यंदा धान कसं आहे ते विचारलं.

चाचांच्या दारातल्या गाड्या कमी होत गेल्या. मी मात्र माझी जीप शेवटपर्यंत त्यांच्याकडेच नेली, जणू तेवढ्याने सगळं फिटणार होतं. दोनेक वर्षांत ते शेड बंद करून सिरोंच्याला लेकीकडे गेले. निरोप द्यायलाही मी गेलो नाही. एटापल्लीला काम आहे, असं बायकोला सांगितलं. काम काही नव्हतं. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

पुढे जीप विकून मी चंद्रपूरला राहायला आलो. बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी सिरोंच्याला गेलो, तेव्हा शोधत शोधत त्यांच्याकडे पोहोचलो. चाचा जावयाच्या सायकल दुकानात ट्यूबला ठिगळ लावत बसले होते. लगेच ओळखलं. तिथल्या तेलुगूत चहा सांगितला. चहा यायच्या आत मी सगळं बोलून टाकलं: चूक माझी होती, मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. ते जाऊ दे म्हणतील, अशी माझी खात्री होती.

त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे निघतात का ते पाहिलं.

"मले काऊन सांगून राह्यला भाऊ?" ते म्हणाले. "मले तं त्याच दिवशी मालूम होतं. चौकात सांगाचं होतं."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते रागावले नव्हते. मी चहा कसाबसा संपवला.

परतीची बस आलापल्लीला थांबली, तेव्हा मी उतरून चौकात गेलो. टपरीच्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं. त्या बैठकीतले दोघे वारले होते, बाकीचे कुठे कुठे पांगले होते. दुकानासमोरच्या बाकावर तीन अनोळखी माणसं बसली होती. मी त्यांच्यासमोर नुसता उभा राहिलो. त्यातल्या एकाने विचारलं, कोणत्या गावची गाडी पाहिजे?