धोंडूमामांचा राग

धोंडूमामा भिंतीकडे तोंड करून जेवत. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या शेजारची, त्यामुळे येताजाता मला त्यांची पाठच दिसे. मूळचा मालवणकडचा हा माणूस गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मग त्यांना उदासीनं घेरलं. काम सुटलं, झोप उडाली. कसं आहे विचारलं की एकच उत्तर, "बरा आसा." इतकं खोटं 'बरं' मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्या दिवसांत एकदा मी त्यांना गच्चीच्या कठड्यावरून हाताला धरून मागे आणलं होतं.

मामींनी गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला. देवाचं उत्तर येईना, तेव्हा मी मामांना मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी नव्यानंच निघालेल्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात मामा दाराकडे तोंड करून जेवू लागले. मामींना हायसं वाटतंय, तोच मामांना राग येऊ लागला. नळाच्या रांगेवर, आमटीतल्या मिठावर, अगदी माझ्या खोकल्यावरसुद्धा.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. एका संध्याकाळी चाळीच्या चौकातल्या सभेत एक वक्ते धीर धरा, धीर धरा म्हणून लांबण लावत होते. मामा ताडकन उठले आणि "धीर कित्याक धरूचो?" म्हणून असे कडाडले की चौक दणाणला. टाळ्याच टाळ्या. मुंबईच्या प्रश्नानं मुक्याला वाचा फुटली, असं चाळ कमिटीनं ठरवून टाकलं. पुढच्या मोर्चात मामा सर्वांत पुढे चालणार, हेही ठरलं. आमच्या लोकांना त्या काळात कोणी शिंकलं तरी त्यात चळवळ दिसे.

घरात मामी मात्र भेदरलेल्या. एका दुपारी मामांनी भिरकावलेलं ताट त्यांच्या कपाळाला लागलं. त्या मला म्हणाल्या, गोळ्या गटारात टाकते, भिंतीकडे बघणारा नवरा परवडला. मला गच्चीचा तो कठडा आठवला. थांबा, आधी डॉक्टरांना विचारू, मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पुन्हा इस्पितळात गेलो. डॉक्टर म्हणाले, कोणाकोणाला या औषधानं असा राग येतो, औषध नवं आहे, आम्हीही शिकतोच आहोत. गोळ्या एकदम बंद करू नका, मात्रा कमी करू.

ही बातमी फुटताच कमिटीवाले दारात. मोर्चा तेवढा होऊ द्या, मग करा कमी, असं सेक्रेटरींचं म्हणणं. वाघाची शेळी कशाला करता? मामांनी मामींना हाताला धरून पुढे आणलं आणि त्यांच्या कपाळावरचं टेंगूळ दाखवलं.

"परवा मी हिच्यार ताट फेकलंय. तेका पण टाळी वाजवतलात?"

सेक्रेटरी चपला शोधू लागले.

मोर्चाला मामा गेले, पण मागच्या रांगेत, माझ्याबरोबर. राग हळूहळू उतरला. उदासी पुरती गेली नाही, तरी ते पुन्हा साच्यावर उभे राहू लागले. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटे, आजही वाटतं.

मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्याच सुमाराची गोष्ट. मामींनी आणलेले बांगडे शिळे निघाले. मामांचा आवाज चढला. मी धावत दारात गेलो, तर मामींचा हात तव्यावरच थबकलेला. मामांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि ते हळूच म्हणाले, "भिया नको गो. ह्यो राग गोळ्यांचो नाय, माझो आसा."

मामींनी तवा खाली उतरवला. मग त्यांनीही आवाज चढवला, "मगे उद्या बाजारात तुमीच जावा."