साहेबांचा आवाज

लहानपणीची जखम म्हटल्यावर तुम्ही पट्टा, दारू वगैरेची वाट बघत असाल, तर सॉरी यार, आमचे बाबा अगदी साधे होते. परवा गुरुग्रामच्या ऑफिसात मॅनेजर आत आला आणि मी खुर्चीतून ताडकन उठलो. ऑफिसने नेमलेल्या काउन्सेलरला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "हे बालपणातून येतं." मी म्हटलं, "मॅडम, सगळंच बालपणावर नका ढकलू. पाठ अवघडली होती."

पण आठवलं खरं. गुरुग्राम तेव्हा गुडगाव होतं आणि तिथे नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. आमच्या फ्लॅटला अजून ओल्या डिस्टेंपरचा वास यायचा. बाबा गाड्यांच्या कारखान्यातून येऊन चहा पीत होते. मी दाराआडून त्यांच्या साहेबांचा आवाज काढला, "वानखेडे, कहाँ हो?" फोनवर ऐकून ऐकून तो मला पक्का जमला होता.

बाबा चहा सांडत उभे राहिले. म्हणाले, "जी सर." मी खिदळत बाहेर आलो. तेही हसले, पण हातातला कप बशीवर वाजत होता. तेव्हा वाटलं, काय भारी नक्कल केली आपण. आता तो कपच ऐकू येतो.

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "शहाण्या, दिवसभर त्या माणसाला घाबरून घरी येतात ते. इथे तरी त्यांना बसू दे."