वाहनांसाठी मुक्त

पंपकाकांना राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सायकलच्या दांडीला हवेचा पंप कायम बांधलेला असतो, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं. बायकोच्या मते नाव पडायला दुसरंही कारण आहे. चिडले की तेही पंपासारखेच फुसफुसतात.

नोकरी रस्ते खात्यात. हुद्दा लांबलचक, काम मात्र सरळ. बासष्ट किलोमीटरच्या सायकल मार्गावर फिरायचं, पडलेल्या फांद्या बाजूला करायच्या, खचलेल्या कडा वहीत टिपायच्या आणि कोणाची साखळी तुटली असेल तर जोडून द्यायची. मार्ग म्हणजे पूर्वीच्या छोट्या रेल्वेची वाट. रूळ उचलून तिथे बारीक खडी दाबली आहे. तीनदा नदी ओलांडत ती वाट दरीतून वर जाते आणि डोंगराच्या पायथ्याशी संपते. चढ रेल्वेला झेपेल इतकाच, त्यामुळे साठीची माणसंही कॅरियरच्या दोन बाजूंना पिशव्या आणि मागे तंबू बांधून तीन दिवसांत आरामात पार करतात. रेल्वे बंद पडल्यावर इथे सायकलींचाच रस्ता व्हावा म्हणून काकांनी नऊ वर्षं अर्ज केले होते. पहिल्या अर्जापासून त्यांनी एकच शब्द धरून ठेवला होता: वाहनमुक्त.

त्यामागे कारण होतं, ते घरातच होतं. काकू लग्नाआधीपासून सायकल चालवायच्या, आणि चढावर काकांना मागे टाकून वर वाट बघत उभ्या राहायच्या. अकरा वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्यावर एका ट्रकने मागून येऊन त्यांच्या हँडलला धक्का दिला. खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण मागून इंजिनाचा आवाज आला की त्यांचे हात लाकडासारखे व्हायचे. सायकल मागच्या खोलीत चादरीखाली गेली. काकू घरी शिवणयंत्रावर सायकलच्या कॅरियरला लावायच्या ताडपत्रीच्या पिशव्या शिवत. त्या मार्गावरून जाणाऱ्या निम्म्या पिशव्या काकूंच्या हातच्या, पण काकूंनी मार्ग पाहिला नव्हता.

या वर्षी एका सकाळी काका आंघोळ करून बाहेर आले, तर काकू चादर काढून सायकल पुसत बसल्या होत्या.

"तुमच्या त्या रस्त्यावर एकही गाडी येत नाही ना? नक्की?"

"एकही नाही. अगं, खांब आहेत दोन्ही टोकांना."

"मग येते मी. पण सांगून ठेवते, एक जरी गाडी आली ना, तर उतरेन आणि पुन्हा बसणार नाही. जन्मात नाही."

काकांनी तिथल्या तिथे दीड महिन्यानंतरची तारीख ठरवली आणि दोन्ही चाकांत हवा भरली.

आता इथे साहेब येतात. साहेब खात्यात नवे होते, आणि नव्या साहेबाला काहीतरी बदलावं लागतंच. त्यांनी मार्गाचे फलक बदलायला घेतले. 'वाहनमुक्त मार्ग' हे त्यांना जड वाटलं. लोकांना कळेल असं सोपं लिहा, म्हणाले. कारकुनाने जोडशब्द फोडला आणि त्याचं सोपं करून टाकलं. रंगाऱ्याने पिवळ्यावर काळ्या, चांगल्या वीतभर अक्षरांत सहा फलक रंगवले: 'वाहनांसाठी मुक्त मार्ग'. फलक बसवणाऱ्या माणसांनी ते वाचलं, त्यांना खांब विसंगत वाटले, म्हणून ते जाताजाता दोन्ही टोकांचे खांबही उपटून घेऊन गेले. कामात कसर नको!

चौथ्या दिवशी दुसऱ्या पुलावर काकांसमोर वाळूचा डंपर उभा राहिला. काकांनी हात आडवा केला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"काका, वाचता येतं ना? वाहनांसाठी मुक्त. मोठ्या रस्त्याला तीन सिग्नल आहेत, इथे एक नाही. फार चांगली सोय केलीत बघा."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते तसेच बावीस किलोमीटर सायकल हाणत कार्यालयात पोचले. कारकून कपाटाला टेकून चहा पीत होता.

"मुक्त म्हणजे मुक्तच ना, काका? आधीही मुक्त होतं, आताही मुक्त आहे."

"अरे, आधी रस्ता वाहनांपासून मुक्त होता! आता तू वाहनांना मोकळं सोडलंस!"

"पण शब्द तोच आहे."

"कर्जमुक्त माणूस आणि कर्जासाठी मुक्त माणूस एकच का रे?"

कारकुनाने यावर खरंच विचार केला. मग म्हणाला, "तुम्ही अर्ज द्या."

अर्ज दिला. अर्ज साहेबांकडे गेला, तिथून भाषेचं बघणाऱ्या विभागात गेला आणि बारा दिवसांनी परत आला. शेरा होता: 'दोन्ही शब्दप्रयोग व्याकरणदृष्ट्या शुद्ध. सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही.' काकांनी कपाळाला हात लावला. यात चूक असती तर दुरुस्त तरी झाली असती. शुद्ध असल्यामुळे काही इलाजच उरला नाही.

घरी काकूंनी सराव सुरू केला होता. शेजारच्या मैदानात रोज दहा फेऱ्या, मग वीस. एके दिवशी त्यांनी विचारलं, "सगळं ठीक आहे ना तिकडे?" काका म्हणाले, "ठीक आहे." बायकोशी ते सहसा खोटं बोलत नसत.

मग त्यांनी जे करायचं ते केलं. पिवळ्या रंगाचा डबा घेतला, दोन दिवसांची रजा टाकली आणि सहाही फलकांवर 'न'नंतरचा काना, टिंब आणि 'साठी' एवढं पुसून टाकलं. 'वाहन' आणि 'मुक्त' यांच्यामध्ये भलंमोठं पिवळं भगदाड राहिलं, पण अर्थ जागेवर आला. गोदामातून खांब मागून आणले, गवंड्याला हाताशी धरून पुन्हा रोवले. डोंगराकडच्या टोकाला मधला खांब कुलूप काढून खाली पाडता येणारा होता. किल्ली फक्त खात्याकडे. पुढच्या आठवड्यात एकही गाडी फिरकली नाही.

ठरल्या दिवशी दोघं निघाले. पहिल्या दिवशी काकू दर दहा मिनिटांनी मागे वळून बघायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यांनी मागे बघणं सोडलं. तिसऱ्या पुलानंतर दरी अरुंद झाली, पाण्याचा आवाज जवळ आला, आणि काकू पुढे निघून गेल्या. वळणावर उभ्या राहून ओरडल्या, "काय हो, आजच पोचणार ना?" काका घामाघूम होऊन मुद्दाम हळू चालवत राहिले. इतकं सुख त्यांना बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेवटचे दहा किलोमीटर राहिले होते. पुढच्या वळणामागून जीप आली. ड्रायव्हर सज्जन, त्याने सावध करायला हॉर्न वाजवला. काकूंचे हात हँडलवर आखडले आणि त्या सायकलसकट खडीवर आडव्या झाल्या.

जीपमधून कारकून उतरला. हातात कागद.

"लागलं का हो? अरेरे. काका, सही हवी होती. फलक विद्रूप केल्याची नोटीस. समक्षच द्यायचा नियम आहे आणि आज शेवटची तारीख. तुमच्या रजेच्या अर्जात कुठे असाल ते लिहिलं होतं, म्हणून बरं झालं."

"इथे गाडी आणलीस?" काका काकूंच्या गुडघ्यातली खडी काढत होते. "या रस्त्यावर वाहन आणलंस?"

"खात्याची गाडी आहे काका. ती वाहनांत धरत नाहीत."

काका उठले. ते काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कारकून मान खाली घालून ऐकत राहिला, पण पेन त्याने पुढेच धरलं होतं. शेवटी काकांनी सही केली. नोटिशीत विषय टंकलेला होता: 'वाहनमुक्त मार्गावरील फलकांबाबत.' अगदी बरोबर, एका शब्दात.

काकू ड्रायव्हरला म्हणाल्या, "मला घरी सोडता का?"

"अगं, दहाच किलोमीटर राहिलेत," काका म्हणाले. "चालत जाऊ. दोन्ही सायकली मी ढकलतो. तू नुसती चल."

"चालत गेले तर पावलापावलाला मागे बघेन हो. गाडीत बसलं की गाडी मागून तरी येणार नाही."

"आपण थोडं थांबू. पाणी पी. मग बघ."

"तुमची काही चूक नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी काकांच्या बाहीला चिकटलेली माती झटकली, जीपच्या मागच्या सीटवर बसल्या आणि डोळे मिटून घेतले. ड्रायव्हरने अगदी सावकाश गाडी वळवली.

जीप गेल्यावर काकांनी काकूंची सायकल उचलली. हँडल वाकडं झालं होतं. ते चाक पायांत धरून त्यांनी सरळ केलं, साखळी बसवली, ब्रेक दाबून पाहिला. सायकल ठणठणीत होती. वर डोंगरापर्यंत आणि खाली नदीपर्यंत एकही गाडी नव्हती, आणि अठ्ठावन्न वर्षांचे पंपकाका दोन सायकली दोन हातांत धरून त्या मोकळ्या रस्त्यावर हुंदके देऊन रडले.