बिडाच्या पंपाचा अर्धा फेरा

शहाडच्या नदीकाठी इंग्रजांच्या काळातलं दगडी पंपहाउस होतं. माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी तिथे फिटर म्हणून गेली. नवे पंप दुसरीकडे बसले, आतला जुना बिडाचा पंप बंद झाला, तरी ह्यांचं जाणं काही सुटलं नाही. निवृत्तीनंतरही तेलाची बाटली पिशवीत टाकून निघायचे. पंप नुसता उभा राहिला की शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, जाम होतो, म्हणून हाताने अर्धा फेरा द्यायचा. माझे गुडघे जाम झालेत त्याचं काय, असं विचारलं तर म्हणायचे, "अगं, तुला चालायला कोणी अडवलंय?"

मग पंप भंगारात जाणार अशी बातमी आली. हे पानावरून तसेच उठले. भांडायचा ह्यांचा स्वभाव नाही, म्हणून ठाण्याला पाणीखात्याच्या कचेरीत मीच खेटे घालायला लागले. कधी साहेब मीटिंगला, कधी साहेब बदलून गेलेले. नव्या साहेबाला सगळं पहिल्यापासून सांगायचं. एक जण म्हणाला, "मावशी, लोखंडच आहे ना ते?"

शेवटी पंप वाचला. इमारत पाडली, पण पंप कल्याणच्या एका बागेत चौथऱ्यावर बसवला. निळा रंग दिला, वारसा म्हणून पाटी लावली. भाषणं आटोपल्यावर हे चौथऱ्यावर चढले. सवयीने पिशवीतून बाटली काढली, तेल सोडलं, हात लावला. मग दोन्ही हात लावले.

"काका, नका जोर लावू," बागेचा सुपरवायझर म्हणाला. "पोरांची बोटं अडकतील म्हणून वेल्डिंग मारलंय. आता नाय फिरायचा तो."

त्याचंही काही चुकलं नव्हतं. ह्यांनी मान डोलावली आणि सांडलेलं तेल रुमालाने पुसून घेतलं.

रिक्षात मी बाहेर बघत बसले. मला सगळ्यांचा राग आला होता आणि तो काढण्याइतकी ताकद उरली नव्हती. एवढी वणवण केली ती ह्यांच्या त्या अर्ध्या फेऱ्यासाठी. पाटीचं मला काय करायचं होतं?

"छान झालं हं," हे म्हणाले. "तू नसतीस तर वितळवून टाकला असता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "रंगही बरा दिलाय."

निळा रंग ह्यांना कधीच आवडला नाही. मला बरं वाटावं म्हणून बोलत होते. मी "हो ना" म्हटलं आणि पदराने डोळे पुसले.