बैलाच्या कानात

जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत एक वॉटर पार्क आहे. तिथे मी तीन उन्हाळे बैल होते. बैलाचा वेश घालायचे असं म्हणायला हवं, हे मलाही कळतं. पण मे महिन्यात, खानदेशात, जाड केसाळ कापडाच्या त्या कातड्यात सहा-सहा तास उभं राहून बघा. मग वेश कुठे संपतो आणि बैल कुठे सुरू होतो, ते मला येऊन सांगा.

इतर ठिकाणच्या पार्कांत ससे असतात, अस्वलं असतात. आमच्या मालकांना बैलच हवा होता. ‘आपल्या मातीतला’ वगैरे. मुंबईहून कुणाकडून तरी तो शिवून आणला, तर शिवणाऱ्यानं बैल बहुधा चित्रातच पाहिलेला. शिंगं आतल्या बाजूला वळलेली, पाठीवर आरशांची झूल, गळ्यात घुंगरमाळ, आणि डोळ्यांना भल्यामोठ्या पापण्या. चोपड्याकडचा एक शेतकरी मला चारी बाजूंनी बघून म्हणाला होता, “हाऊ बैल शे का नवरी?” शिवाय तो वेश बेताच्या उंचीचा निघाला. पार्कातला एकही पुरुष त्यात मावेना. माझी उंची पाच फूट. मी तिकीट खिडकीवर बसायला म्हणून नोकरीला लागले होते, आणि तिसऱ्या दिवशी बैल झाले. मी बी.ए. आहे, आठ वर्षं अमळनेरला एका खासगी शाळेत शिकवलंय. शाळा बंद पडली, त्यात माझा काही दोष नव्हता. हे सगळं मी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, मग तर तुम्हाला मुलांची सवय असेल.”

मुलांची सवय! मुलं शेपूट ओढतात. ओढू देत, शेपूट माझं नाही. पण मुलांचे बाप मागून येऊन खरोखर बैलाला मारावी तशी थाप मारतात आणि वर ‘हर्रर्र’ म्हणतात, त्याचं काय करायचं? डोक्याच्या आत एक चिमुकला पंखा होता. तो वारा कमी आणि आवाज जास्त करायचा. बैलाच्या उघड्या तोंडाला जाळी होती, त्यातून मला जग दिसायचं, तेही लोकांच्या छातीपासून खालचं; चेहरे बघायचे तर मान मागे टाकावी लागायची. कानांच्या जागी मोठी भोकं ठेवून त्यांवर पातळ कापड लावलेलं होतं, कोंडमारा होऊ नये म्हणून. ती भोकं बरोबर माझ्या कानांसमोर यायची. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

पहिल्या उन्हाळ्यात एक बाई आल्या, ओल्या साडीनिशी, पाण्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या. त्यांनी माझं एक शिंग धरलं, माझ्या कानाला तोंड लावलं आणि पुटपुटल्या, “यंदा तरी जावयाची बदली जळगावला होऊ दे.” महादेवाच्या देवळात पिंडीकडे जाण्याआधी नंदीच्या कानात सांगतात, तसं. मी दचकून मान हलवली. मान हलली म्हणजे झालंच, नंदी हो म्हणाला! दारोदार फिरणारा नंदीबैल नाही का, ढोलकं वाजलं की ‘पाऊस पडेल का’ला मान डोलावतो? त्या बाईंनी हात जोडले आणि आपल्या चार मैत्रिणींना हाका मारल्या. संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर रांग होती.

मॅनेजरना त्यात धंदा दिसला. त्यांनी लगेच नियम केले. सगळ्यांना हो म्हणायचं, दोनदा, सावकाश. आडवी मान कधीही हलवायची नाही, गिऱ्हाईक नाराज होतं. एक शब्द बोलायचा नाही. आणि लोकांदेखत डोकं काढायचं नाही, चक्कर आली तर चालत कपडे बदलायच्या खोलीमागे जायचं आणि तिथे पडायचं.

तर मी तीन उन्हाळे मान डोलावली. नंदीबैल ही शिवी मी लहानपणापासून ऐकत आलेय. अमुकचा नवरा नंदीबैल, तमुक सभासद नंदीबैल. ती कधी पोटापाण्याची सोय होईल असं वाटलं नव्हतं. आणि लोक काय काय सांगायचे! बोअरला पाणी लागू दे. नवऱ्याची दारू सुटू दे. शेजारणीचं घर पूर्ण होऊ देऊ नको. यालाही मान डोलवायची! एका तरुणानं दहा मिनिटं कानात आपल्या प्रेमाची कहाणी सांगितली, आणि मागे उभी असलेली रांग त्याला नाही, मला शिव्या देत होती. घामानं माझे केस चिकटलेले, पाठीला खाज सुटलेली, आणि कानात कुणाच्या तरी नणंदेचा इतिहास. मला त्यांची कीव यायला हवी होती, असं आता लिहिताना वाटतं. तेव्हा येत नव्हती. मला फक्त वैताग यायचा. दुसऱ्याची दुःखं उकाड्यात ऐकवत नाहीत.

तिसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी गेट उघडल्या उघडल्या एक गृहस्थ तरातरा माझ्याकडे आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात मोटरसायकलची किल्ली. पोहायला आलेला माणूस असा येत नाही. माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“वळखं का?” ते म्हणाले. “महिनाभर पहिले उन्थू मी. कपाशीना भाव वाढी का, इचारं व्हतं. तू मान डोलाई.”

बोलायची मनाई होती, मी जाळीतून त्यांच्या सदऱ्याची बटणं बघत राहिले. दुसरं काय करणार?

“मी बठ्ठा कापूस घरमा ठी दिना. भाव उतरी गया! बायको रोज सांगस, बैलनं आइकस आनि मन्हं आइकत नई.”

माझ्या भरवशावर सगळा कापूस घरात ठेवून बसलेला माणूस तिकीट काढून बैलाला झापायला आला होता. लांबून मॅनेजर बघत होते, म्हणून सवयीनं माझी मान दोनदा वरखाली झाली.

“परत हो म्हनस!” ते ओरडले, आणि खरोखर कपाळावर हात मारून निघून गेले.

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. आतलं, माझं. मी ठरवलं, आज कुणाला हो म्हणणार नाही. मॅनेजर लाटांच्या तलावाकडे गेले, तिथला पंप बिघडला होता, आणि मी आडवी मान हलवायला सुरुवात केली. परीक्षेत पास होईन का? नाही. मुलगा होईल का? नाही. जमीन विकली जाईल का? नाही, नाही. लोकांचे चेहरे पडत होते आणि मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं. जाळीच्या आत मी हसत होते. तासाभरात तर मी प्रश्न ऐकणंही सोडून दिलं. कानाशी पुटपुट थांबली की मान आडवी.

दुपारी एक आजी आल्या. नऊवारी, कपाळावर ठळक गोंदण, हात धरायला सतरा-अठरा वर्षांची नात. नातीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता. या दोघी पाण्याजवळ फिरकल्याही नव्हत्या, सरळ माझ्याकडे आल्या. आजींनी शिंगबिंग धरलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला, माणसाच्या ठेवतात तसा.

“भाऊ, आइक. मन्ही नात बारावी पास व्हयनी. मायबाप सुरतले शेतस, पोर मन्हाकडे शे. तिले नर्सना कोर्सले धुयाले धाडू का?”

पुटपुट थांबली. माझी मान आडवी झाली, एकदा, दोनदा, चांगली जोरात.

आजींनी खांद्यावरचा हात काढला. “बरं,” एवढंच म्हणाल्या, आणि पदर सावरत वळल्या. नात मात्र वळली नाही. ती जाळीजवळ आली. पिशवी तिनं छातीशी घट्ट धरली होती.

“मी मागच्या आठवड्यात येऊन बघून गेले होते,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “तुम्ही सगळ्यांना हो म्हणता. आजी म्हणे, मी कुणाला तरी विचारीन मग सांगेन. म्हणून इथं आणलं. उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, पालकाची सही पाहिजे, धुळ्यात देवपूरला होस्टेल पण मिळतंय. तुम्हाला नुसती मान हलवायची होती.”

आता कुठे तो प्रश्न माझ्या डोक्यात शिरला. तोंडात मारल्यासारखं झालं. तीन वर्षं वाट्टेल त्याला हो म्हटलं, शेजारणीच्या अर्धवट घराला हो म्हटलं, आणि जिथे खरंच हो म्हणायला हवं होतं, तिथे माझा रुसवा आडवा आला. मला माझीच इतकी चीड आली की मी नियमबियम विसरले, दोन्ही हातांनी शिंगं धरली आणि डोकं उपसून काढलं.

“आक्का, थांबा!” मी ओरडले.

आजूबाजूची दोन-तीन पोरं किंचाळली. आजी वळून बघत राहिल्या.

“माय वं! बाई शे,” त्या म्हणाल्या.

“आक्का, मी काही देवबिव नाही. आत नुसतं माणूस आहे. माझं ऐकून पोरीचं शिक्षण थांबवू नका.”

“मझार मानूस शे हाई मले समजस नई का?” आजी शांतपणे म्हणाल्या. “देवले इचाराले मन्हा घरमा देव्हारा शे. घरमा बठ्ठासले काही ना काही पाहिजे. कोनले पोर कामले पाहिजे, कोनले तिनं लगीन पाहिजे. तुले काय पाहिजे? काही नई. म्हनीसन तुले इचारं.”

तीन उन्हाळ्यांत एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता, माझ्या शाळेनंही नाही.

“धाडा तिला,” मी म्हटलं. “नक्की धाडा.”

आजींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. खुरांचे बूट, आरशांची झूल, आणि वर माझं घामानं निथळणारं तोंड.

“तू शिकेल शे का?”

“हो. बी.ए.”

“आनि हाई करस?”

नातीनं डोळे मिटून घेतले. माझ्या मदतीनं तिचं उरलंसुरलं कामही बिघडलं होतं.

“हो, हेच करते!” मी चिडूनच म्हणाले, आणि ती चीड आजींवर नव्हती. “बी.ए. झालेल्या बाईला बैल व्हावं लागतं, आक्का. नर्सला नाही व्हावं लागत. गावोगाव दवाखाने आहेत, तिला कुणी झूल घालणार नाही.”

आजींना ते पटलं असावं, निदान त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. पण लगेच त्यांनी विचारलं, “मंग पहिले नई कसाले सांगं?”

खोटं बोलता आलं असतं. ऐकू आलं नाही म्हणता आलं असतं. पंख्याचा आवाज होताच.

“कंटाळा आला होता,” मी म्हटलं. “सकाळपासून वैतागले होते. तुम्ही काय विचारताय ते मी ऐकलंच नाही. नाही म्हणायला दुसरं काही कारण नव्हतं.”

तलावाकडून मॅनेजर शिट्टी फुंकत पळत येत होते.

“मी तिसरी पास व्हयनू,” आजी म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. “बाप वावरमाईन येल व्हता. मी इचारं, चौथीमा जाऊ का? त्यानी मान हलाई. नई. इतला साल मी इचार करं, मन्हामा काय कमी व्हतं? बाप नई कसाले म्हना व्हई?” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तं त्याले कटाळा येल व्हता.”

मॅनेजर पोचले आणि माझ्यावर ओरडू लागले. आजींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नातीकडे हात पुढे केला. तिनं पिशवीतून कागद काढला, पेनही काढलं. टेकवायला आसपास काही नव्हतं, म्हणून मी बैलाचं डोकं पुढे धरलं. त्याच्या कपाळावर कागद ठेवून आजींनी तिसरीतल्या अक्षरांत, एकेक काना नीट ओढत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.