गंजाडच्या उतारावर उभी पिकअप

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवता जेवता बायकोला वाचून दाखवत आलोय, आणि दोघं मिळून हसत आलोय. माझा धंदाच तसा आहे. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. दिवा लागत नसेल तर तार तुटलीय, फ्यूज उडालाय किंवा अर्थिंग सुटलंय... चौथं कारण नसतं. "गाडीवर कुणीतरी करणी केलीय" म्हणत लिंबू-मिरची बांधून येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी ते लिंबू काढायला लावतो आणि मग बोनेट उघडतो. त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण तीन वर्षं पोटात ठेवलं, आता ठेववत नाही.

२०१६ चा मे महिना. मसोलीतल्या माझ्या दुकानात सकाळी अकराच्या सुमारास विनू बाइक घेऊन आला. विनू म्हणजे माझा मित्र जयवंत, त्याचा धाकटा भाऊ. जयवंतची मासळीची पिकअप होती. डहाणूच्या किनाऱ्यावर माल घ्यायचा आणि गंजाडवरून आत तलासरीकडच्या पाड्यांवर विकत फिरायचं, हा त्याचा अकरा वर्षांचा नेम. त्याच्या दोन महिने आधी छातीत कळ येऊन तो गेला होता. आता त्याच्या बायकोने, कुंदावहिनींनी, धंदा पुन्हा सुरू केला होता. गाडी विनू चालवायचा, विकायला वहिनी. त्यांचा तो पहिलाच आठवडा, आणि गाडी गंजाडच्या पुढे बंद पडली होती.

"तीन दिवस उतारावर लावून धक्क्यावर चालू करतोय," विनू म्हणाला. "आज हारनपन रडल्यासारखा वाजतो."

"मग तीन दिवस काय मुहूर्त बघत होतास?" मी म्हणालो आणि हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्या मागे बसलो.

गाडी आतल्या रस्त्यावर उभी होती, तोंड उताराकडे. आजूबाजूला भाजलेली शेतं, एक मोहाचं झाड, बाकी चिटपाखरू नाही. वहिनी गाडीच्या सावलीत बसल्या होत्या. मला वाटलं बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचं विचारतील. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आधी त्या हारनची वायर काढ."

पाड्याजवळ आलं की जयवंत दोनदा आखूड आणि एकदा लांब हॉर्न मारायचा. त्यावर बायका पातेली घेऊन घराबाहेर यायच्या. विनूही सवयीने तसाच मारत होता. "वाजला की वाटतं हेच आले," वहिनी म्हणाल्या. "मला नाय ऐकवत. मी तोंडाने ओरडेन, पन तो नको." मी हॉर्नच्या दोन्ही तारा उपसल्या, त्यांच्या टोकांना लाल टेप गुंडाळला आणि बाजूला बांधून ठेवल्या.

मग कामाला लागलो. तिघांनी ढकलून गाडी चालू केली आणि पुढच्या वेळेसाठी थोडा उतार शिल्लक ठेवून थांबवली. मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत, इथे अकरा, आणि रेस केली तरी आकडा खालीच. बेल्ट घट्ट होता. डायनामो उतरवून नाकाशी धरला तर जळका वास, आतलं वाइंडिंग कोळशासारखं काळं. संपला होता बिचारा. विनूला म्हटलं, हा नमुना घेऊन डहाणू रोडला जा, नवा आण, आणि ही बॅटरीही ने चार्जिंगला. मेलेल्या बॅटरीवर नवा डायनामो लावला तर तोही दमतो. विनूने बॅटरी बाइकच्या टाकीवर ठेवली आणि गेला. दुपारी दुकानं बंद असतात, म्हणजे हा चार-साडेचारशिवाय येत नाही.

वहिनी उरलेली मांदेली आणि बोंबील टोपलीत भरून टेकाडापलीकडच्या पाड्यावर निघाल्या. थांबल्या असत्या तर माल नासला असता. मी एकटा उरलो.

आता माझं शहाणपण ऐका. डायनामो उगाच जळत नाही. कुठेतरी तार शॉर्ट असणार, ती तशीच सोडली तर नवाही जळेल. मला संशय होता पेटीतल्या दिव्याच्या तारेवर. पिकअपच्या मागे मासळीसाठी पत्र्याची बंद पेटी होती. भिंतीत वीतभर थर्मोकोल, दाराला रबर, कडी फक्त बाहेरून. आत जायचं तर कमरेत वाकूनच. उकाडा भयंकर, म्हणून शर्ट काढून आरशाला अडकवला. दार उजेडापुरतं अर्धं उघडं ठेवलं आणि आत शिरलो.

गाडीचं तोंड उताराकडे. पेटीचं दार मागे, म्हणजे अर्धं उघडं ठेवलं की ते आपल्या वजनाने उताराच्या बाजूला येऊन मिटणार, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मी दाराला दगड लावला नाही. आत शिरताना गाडी जरा हलली, माझ्या पाठीमागे धप्प आवाज झाला आणि त्यावर कडीचा खटका पडला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

आधी मी स्वतःलाच हसलो. मग खांद्याने दार ढकललं. मग लाथा घातल्या. तिथे लाथ घालायलाही पाय लांब करता येत नव्हता. डोळ्यांपुढे बोट दिसेना. खाली वितळलेल्या बर्फाचं पाणी, वर पत्रा तापलेला आणि मधे माशाचा वास... फोन शर्टाच्या खिशात होता. आणि त्याच खिशात माझा पंप.

हे सांगायचं राहिलं — मला दमा आहे. लहानपणापासून. पंप कधी लांब ठेवत नाही, त्या दिवशी ठेवला.

दहा-पंधरा मिनिटांत छातीत शिट्टी वाजायला लागली. ज्याला दमा आहे त्यालाच कळेल, श्वास बाहेर जात नाही तेव्हा माणूस किती एकटा होतो ते. स्क्रूड्रायव्हरने दाराचं रबर उचकटायला गेलो, तर अंधारात तो हातातून सुटला आणि पाण्यात कुठे गेला कळलं नाही. ओरडावं तर ओरडायला वारा लागतो, आणि तो मला पुरवून वापरायचा होता. कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलो आणि मुठीने पत्र्यावर मारत राहिलो. मुलीचा चेहरा आठवेना. सकाळीच बघितला होता तो चेहरा, आणि काही केल्या आठवेना, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मग मूठही उचलेनाशी झाली.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. फटक फटक, कुणीतरी धावत येत होतं. पाठोपाठ वहिनींचा आवाज, संतापलेला. "भाऊ! सांगितलं होतं ना तुला? कशाला वाजवलास? कुठं हायस तू?"

मी एकदा पत्र्यावर हात मारला. कडी सरकली, उजेड आला आणि मी रस्त्यावर तोंडघशी पडलो. बोलता येत नव्हतं, शर्टाकडे बोट दाखवलं. वहिनींनी पंप आणून माझ्या तोंडाला लावला. जयवंतसोबत इतकी वर्षं मला बघत होत्या, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

श्वास जागेवर आल्यावर मी विचारलं, "काय वाजवलं, वहिनी?"

"हारन."

त्यांच्या मागून पाड्यावरच्या दोन बायका धापा टाकत पोहोचल्या. त्यातली थोरली म्हणाली, "आमी पन आयकला. दोनदा जरासा, मंग लांब. थांबतच नवता. आमी म्हनलं गाडी इकडं आली काय, म्हनून टोप घेऊन बाहेर आलो." तिच्या हातात खरंच टोप होता.

मी उठलो आणि बोनेटकडे गेलो. बॅटरीची जागा रिकामी. डायनामोची जागा रिकामी. हॉर्नच्या तारा मी बांधल्या तशाच, लाल टेप तसाच. दुसरी गाडी गेली असेल म्हणावं, तर तिघीही ठाम, हाच आवाज आणि असाच. धंद्याच्या वीस वर्षांत पहिल्यांदा माझं धाबं दणाणलं, आणि तेही भर दुपारी.

विनू पाचला आला. दिव्याची तार पत्र्यातल्या भोकापाशी सोललेली निघाली, ती बदलली, नवा डायनामो बसवला, बेल्ट ताणला. मीटरवर चौदा पॉइंट एक व्होल्ट. मी हत्यारं गोळा करायला लागलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हारन जोड." मी जोडला. विनूने बटण दाबलं, नेहमीसारखा वाजला. वहिनी ऐकत उभ्या राहिल्या.

मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "तू तर आतच होतास. तुला कानाशीच वाजला असेल. कसा वाजला रे... ह्यांच्यासारखा?"

आता खरं सांगतो. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. पेटी जाड आहे, मान्य. पण मला त्यांच्या चपला ऐकू आल्या. त्यांचा आवाज शब्दन्‌शब्द ऐकू आला. मग दहा फुटांवरचा हॉर्न, टेकाडापलीकडे पोहोचलेला हॉर्न, मला एकट्यालाच का नाही? जो वाजला नसता तर मी आज हे लिहायला नसतो, आणि जो वाजलेला मी ऐकलाच नाही!

वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून माझ्याने ते बोलवलं नाही. म्हणालो, "हो वहिनी. अगदी जयवंतसारखा."

त्या तिथेच रस्त्याच्या कडेला बसल्या आणि ढसाढसा रडल्या. विनू नंतर मला म्हणाला की जयवंत गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा रडल्या.

तेव्हापासून मी बरंच डोकं खाजवलं. दुसऱ्या एका जाणकार वायरमनला विचारलं, त्याने मलाच चक्कर आली असेल म्हणून समजावलं. मला आली असेल. पण तिघी बायकांना एकाच वेळी? मला माहीत नाही. कारण सापडलेलं नाही आणि सापडेल असं वाटत नाही.

वहिनींचा धंदा आता उत्तम चाललाय. डहाणू रोडला भेटल्या की सोबतच्या माणसाला हमखास ती गोष्ट सांगतात. कुणी हसलं, शंका घेतली, तर माझ्याकडे हात करतात, "ह्या भाऊला विचारा. तो आत होता, त्याने ऐकलाय."

आणि सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी दर वेळी मान हलवतो.