फ्लॉवरहॉर्नला आणलेली बायको

भूकंपानंतर आम्ही गाव सोडून लातुरात आलो. हे क्लासमध्ये गणित शिकवायचे आणि घरी आले की चप्पलही न काढता माशाच्या टाकीपाशी जायचे. त्यातला वीतभर फ्लॉवरहॉर्न यांच्या हातून खायचा, मला मात्र चावायचा. मी नुसती जळायची. आमच्याकडं तापट पोराचं लग्न लावून देतात. तेव्हाची मी मोठी शहाणी, नांदेडहून त्याला मादीच घेऊन आले. म्हटलं, संसारात पडला की यांना विसरेल. तासाभरात त्यानं तिचे पंख फाडले.

हे म्हणाले, "अगं, याला टाकीत दुसरं कुणी खपत न्हाई. तुझ्यासारखाच हाय."

मग हे तिला मिठाच्या पाण्यात, बादलीत ठेवून आठ दिवस तिच्याच उशाशी बसले. मी आता दोघांवर जळू लागले.